गाईड म्हणतात 'तोरात नाही, काढून टाका': माझं उत्तर

'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको' एवढंच तोरात (ज्यूंच्या लेखी धर्मशास्त्रात, मोशेच्या पाच ग्रंथांत) आहे, दूध-मटण वेगळं ठेवायचे नियम रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) मागाहून घातले, तेव्हा मौखिक परंपरेचं, म्हणजे मौखिक तोराचं, प्रकरण प्रबंधातून काढा, असं तुमचे गाईड म्हणतात. वाचून राहवलं नाही, कारण मलाही हेच ऐकवलं गेलं होतं.

मिश्ना म्हणजे मौखिक नियमांचं संकलन, गमारा म्हणजे त्यावरची चर्चा, दोन्ही मिळून तालमुद, हे तुम्हाला माहीत असणारच. गाईडना तोरातल्या 'अनुवाद' या ग्रंथाचं 12:21 उघडून दाखवा. 'मी तुला आज्ञा केली आहे त्याप्रमाणे' जनावर कापावं, असं तिथे आहे. ती आज्ञा, म्हणजे सुरी कशी असावी, कुठे फिरवावी, हे तोरात कुठेच नाही. ग्रंथ स्वतःच ग्रंथाबाहेरच्या शिकवणीचा हवाला देतो. शब्बाथला (शनिवारी, विश्रांतीच्या दिवशी) काम करू नये हे तोरात आहे, पण कामं कुठली, ती 39 नावं मिश्नात. मिश्ना इ.स. 200 च्या सुमारास रब्बी येहूदा हानासींनी संकलित केली म्हणून तेव्हाच रचली, हा युक्तिवाद मला तरी पटत नाही.

तालमुदातली हिल्लेल या प्राचीन गुरूंची गोष्टही घालाच. एकाला फक्त लेखी तोरा शिकायची होती. हिल्लेलनी पहिल्या दिवशी त्याला अक्षरं क्रमाने शिकवली, दुसऱ्या दिवशी उलटी. तो म्हणाला, काल तर वेगळं सांगितलंत. हिल्लेल म्हणाले, अक्षरांसाठी माझ्यावर विसंबलास ना, मग मौखिक तोरासाठीही विसंब. तोराच्या गुंडाळीत आजही स्वरचिन्हं नसतात. वाचायचं कसं, हे आधी कुणाकडून तरी ऐकावंच लागतं.

माझं खरं नुकसान केलं ते एका संशोधन समितीने. नाव घेत नाही. विषय होता कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू) घरांतल्या रीती. तालमुद हाताशी नसताना या लोकांनी शब्बाथ पाळला (म्हणूनच 'शनवार तेली', शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली), सुंता केली, शेमा ही प्रार्थना पाठ ठेवली, खवले आणि पर असलेलेच मासे खाल्ले. लेखी तोरातलंही त्यांच्याकडे तोंडीच टिकलं! समितीला मात्र प्रत्येक रीतीला छापील आधार हवा. मुलाखत म्हणजे आधार नव्हे म्हणे. फाईल टेबलावरून टेबलावर फिरत राहिली आणि मंजुरी येईपर्यंत, एलियाहू हानाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने करतात त्या मलिद्याची, म्हणजे पोह्यांच्या प्रसादाची, रीत ज्या आजींकडून रेकॉर्ड करायची होती त्या गेल्या. तो राग अजून गेलेला नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर मंजुरीसाठी थांबू नका, आधी रेकॉर्ड करा. फक्त त्यांची संमती घ्या.

मी रब्बी नाही. घरात काय पाळायचं ते तुमच्या हझ्झानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारा, मी फक्त प्रबंधापुरतं बोलतेय. ज्यूंमधलाच कराईट पंथ मौखिक तोरा मानत नाही, त्यांची बाजूही नीट मांडा, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. आणि संदर्भ देताना मिश्नाला अध्याय व कलम, तालमुदाला पान व बाजू. हिल्लेलची गोष्ट तालमुदाच्या 'शब्बाथ' या भागात, पान 31, पहिली बाजू.