माझं धनुष्य ओढायला ५२ पाउंडांचं, ड्रॉ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, २७ इंच. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी बाण किती ग्रेन वजनाचा आणि ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं पातीवालं टोक, किती रुंद घ्यावा?

हलका बाण घेऊ नका, आणि दोन इंची मेकॅनिकल, म्हणजे आदळल्यावर पाती उघडणारा ब्रॉडहेड, तर अजिबात नको. दुकानदाराने तुम्हाला सांगितलं की पाउंड कमी असले की वेगच वाचवतो. हेच वाक्य मी माझ्या दिरांकडून वर्षानुवर्षं ऐकत आलेय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही कोलोरॅडोत राहतो. भाऊजींचं धनुष्य ७० पाउंडांचं, हात लांब, ड्रॉ ३० इंच. माझं ५० पाउंड आणि तुमच्यासारखाच २७ इंच ड्रॉ. ते म्हणायचे, "वहिनी, ३५० ग्रेनचा बाण घ्या. सपाट जातो, अंतराचा अंदाज थोडा हुकला तरी चालतं." मी हलका आणि जड असे दोन्ही बाण क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजले. ३५० ग्रेनचा सेकंदाला २४५ फूट गेला, ४७० ग्रेनचा २१५ फूट. ऊर्जा काढली तर ४७ आणि ४८ फूट-पाउंड, म्हणजे जवळपास तेवढीच, कारण ती शेवटी धनुष्यातूनच येते. संवेग (वजन गुणिले वेग) मात्र जड बाणाचा जवळजवळ १८ टक्के जास्त. एल्कची जाड कातडी, फासळी आणि मग फुप्फुसं असा रस्ता कापायचा असतो, तिथे हा संवेगच उपयोगी पडतो. त्यात मेकॅनिकलचा काही जोर पाती उघडण्यातच जातो आणि रुंद पात्यांना कापायलाही जास्त लागतं. भाऊजींच्या धनुष्याला हे परवडतं. आपल्याला नाही.

सप्टेंबरातली पहाट होती, एल्कच्या माजाचा काळ. थंड हवा उतारावरून खाली वाहत होती, म्हणून माझा वास त्याच्याकडे जाऊ नये अशी मी ॲस्पेनच्या झाडीत नराच्या खालच्या अंगाला बसले. भाऊजी माझ्या मागे थोड्या अंतरावर मादीचा आवाज काढत होते. तरुण नर होता, तरी अडीचशे किलोच्या आसपास असेल. २४ यार्डांवर आडवा थांबला, किंचित पाठमोरा. त्याचं डोकं झाडामागे गेल्यावर मी दोरी ओढली. बाण ४७० ग्रेनचा, पुढे दोन पात्यांचा फिक्स्ड (पाती पक्की बसवलेला) ब्रॉडहेड, रुंदी एक इंच आणि वर एक सोळांश. बाण आरपार गेला आणि पलीकडे मातीत रुतला. अर्धा तास आम्ही जागचे हललो नाही. मग रक्ताचा माग धरून निघालो, तर नर ऐंशी-नव्वद पावलांवर पडलेला. दोन्ही फुप्फुसं कापली गेली होती.

भाऊजी म्हणाले, "नशीब. फासळ्यांच्या मधून गेला." सोलताना मी त्यांना आत शिरतानाची फासळी दाखवली. ती सरळ कापली गेली होती, आणि त्यानंतरही बाण थांबला नव्हता. तरी दर गणपतीला, डेन्व्हरला सगळे जमलो की, ते पुन्हा नशिबावर येतात. त्यांच्याच मित्राचा दोन इंची मेकॅनिकल खवाट्यावर, म्हणजे खांद्याच्या हाडावर, बसून अडकला होता आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शोधूनही जनावर मिळालं नाही, हे ते कधी काढत नाहीत. जखमी जनावर रानात हरवणं याला मी शिकार म्हणत नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. बाण किती आत शिरतात याचा अभ्यास करणारे एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत नाताळमध्ये बाणांच्या चाचण्या केल्या. जड हाडासाठी ते ६५० ग्रेनचा उंबरठा सांगतात. आपल्या धनुष्यातून तेवढा बाण इतका सावकाश जाईल की अंतराचा अंदाज तीन यार्डांनी चुकला तर नेम गेलाच. खवाटा फोडायच्या नादी लागूच नये. आडवं किंवा किंचित पाठमोरं जनावर मिळेपर्यंत थांबावं. समोरून मारायचं नाही.

तुमच्यासाठी ४५० ते ५०० ग्रेन. ब्रॉडहेड फिक्स्ड, एक ते सव्वा इंचाच्या आत, टेकताक्षणी कापू लागणारा, आणि पातं असं की हातावरचे केस साफ निघाले पाहिजेत. रुंदीपेक्षा धारेवर जास्त वेळ घालवा. अंतर ३० यार्डांच्या आतच ठेवा.

७० पाउंड ओढणाऱ्यांचं मेकॅनिकलने काम होतं, हे मला मान्य आहे, पण प्रश्न तुमच्या धनुष्याचा आहे. कोलोरॅडोत धनुष्य किमान ३५ पाउंडांचं आणि ब्रॉडहेड किमान सात अष्टमांश इंच रुंद लागतो. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथले नियम आधी वाचा. आणि टोक १०० वरून १२५ ग्रेनचं केलंत तर बाण मऊ पडतो, तेव्हा स्पाइनचा (बाणाच्या ताठपणाचा) तक्ता पुन्हा बघा आणि ब्रॉडहेड लावूनच सराव करा. सरावाच्या टोकांनी जुळलेला नेम ब्रॉडहेडने जुळेलच असं नाही.