आजी हसत का सांगते?

प्रिय चिऊ,

रविवारी फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आजी सारखी पुराच्या नाहीतर दुष्काळाच्याच गोष्टी का सांगते? आणि सांगताना हसते कशी? तिला वाईट वाटत नाही?" जेवता जेवता दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

वाईट वाटतं की. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे ४५ फुटांना धोका म्हणतात. सांगलीत पावसाळ्यात कुणी भेटलं की तब्येतीच्या आधी "आयर्विनला किती झालं?" हेच विचारतात. आजी तेव्हा विश्रामबागेत बहिणीकडे जाऊन राहिली. पाणी उतरल्यावर गावभागातल्या घरी आली तर गाद्या, धान्य, लाकडी कपाट, सगळं गेलेलं. लग्नाचा अल्बम चिखलात फुगला होता. तिने एकेक फोटो पानावरून सोडवला, बादलीत विसळला आणि कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. बहुतेकांवरचे चेहरे धुऊन गेले होते. आजोबांचा तर फक्त फेटा उरला. धडधाकट राहिला तो एकच फोटो, जेवणाच्या पंगतीत रुसून बसलेल्या नणंदेचा! आजी हसते ती इथे. गाद्या गेल्या तिथे ती हसत नाही, पुढच्या वेळी नीट ऐक.

आजोबांच्या हळदीचं सांगते तेव्हा तर ती अजिबात हसत नाही. हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद ठेवायचे. वर्षानुवर्षं ठेवली तरी किडायची नाही. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं. आपली हळद गेली, मागोमाग दुकानही गेलं. ते परत उभं राहिलं नाही. आजोबांनी पुढे दुसऱ्याच्या अडतीवर बसून हिशेब लिहिले, आणि मालक म्हणून ज्यांच्याशी व्यवहार केले त्याच लोकांना उभं राहून नमस्कार केला. "पहिले काही दिवस घरात बोलत नव्हते," एवढं सांगून आजी थांबते. या गोष्टीला गोड शेवट नाही, आणि ती लावतही नाही. मला तिचं हे आवडतं. हरलेलं हरलं म्हणून सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कामाला कशी गेली, तेही सांगायचं.

तुला या गोष्टी जड वाटतात त्याचं एक कारण फोन आहे. आमच्या लहानपणी कुणी समोर बसवून गोष्ट सांगत नसे. शेंगा फोडताना, भाजी निवडताना, लाइट गेल्यावर अंगणात ती मधूनच निघायची. आत्या लगेच मोडता घालायची, "असं नव्हतं गं वहिनी, ते नंतर झालं." मग वाद, चहा, आणि मूळ गोष्ट राहूनच जायची. तुझ्यापर्यंत मात्र फोनवरून नुसता पूर आणि नुसता दुष्काळ येतो, आजूबाजूची माणसं गळून जातात.

इथे अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना घराबद्दल २० प्रश्न विचारले होते. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-बाबा कसे भेटले, घरावर कोणतं संकट आलं होतं, असे. ज्या मुलांना जास्त माहीत होतं त्यांचा स्वतःवर जास्त भरवसा होता, आणि आपलं आयुष्य आपल्या हातात आहे असं त्यांना जास्त वाटत होतं. पण उत्तरं पाठ करून हे साधत नाही, असं ड्यूक स्वतःच सांगतात. घरातली माणसं एकत्र बसून बोलतात, महत्त्व त्याला. त्यांच्या मते चढ आणि उतार दोन्ही सांगणारी गोष्ट मुलांना सगळ्यात बळ देते. आजीला हे वाचून दाखवलं तर म्हणेल, "यात शिकायचं काय व्हतं?"

मागच्या महिन्यात टीममध्ये तुझं नाव आलं नाही तेव्हा तू खोलीचं दार लावून घेतलंस. त्याला माझी काही हरकत नाही. आजोबाही बोलत नव्हतेच की. त्या वेळी मी तुला पूर सांगायला आलो नाही, कारण रडणाऱ्या पोरीला "आमचं बघ किती मोठं होतं" म्हणणं म्हणजे निव्वळ दुष्टपणा. या गोष्टी आधीपासून पोटात असाव्या लागतात.

दुष्काळाची गोष्ट तर तुझीही आहे. १९७२ ला आटपाडीकडे आजी तुझ्याएवढी होती. मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, मुलांना सुकडी नावाचा कोरडा खाऊ मिळे, आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी. तो मिलो अमेरिकेतून, तू राहतेस त्या देशातून यायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची म्हणे. आजीच्या सांगण्यात तो दरवर्षी जास्तच लाल होत चाललाय, तेवढं चालवून घे.

तिचा भाऊ त्याच काळात गलाईच्या कामाला, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, तामिळनाडूत गेला. भाषा येत नव्हती, खिशात पैसे नव्हते. तिथे पहिल्या दिवशी तो काय जेवला, याचं मी अर्धंच ऐकलंय, कारण दर वेळी मधे आत्या बोलते. येत्या रविवारी तू विचार, स्पीकरवर ठेव, आणि कांदा चिरायला घेऊन मीही बसतो.

तुझा,
बाबा