तीन मिलिमीटरचा फरक

फोटो पाहिले. नागपूरच्या सदर भागातल्या जुन्या घरात, काकांच्या कपाटावर लाल गिब्सन ईएस-३३५ इलेक्ट्रिक गिटार सापडली. ओळखीतला एक जण चाळीस हजार रोख द्यायला तयार आहे, तर देऊन टाकू का, असं तुम्ही विचारलंय. थांबा ना भाऊ! खरी निघाली तर चाळीस हजारांत तिचे दोन पिकअपसुद्धा, म्हणजे तारांखाली बसवलेली आवाज टिपणारी चुंबकं, द्यायचे नाहीत.

३३५ बाजारात आली १९५८ साली. दिसायला पोकळ, पण आत मधोमध मेपलचा सलग ठोकळा, म्हणून अ‍ॅम्प मोठा केला तरी लवकर शिट्टी मारत नाही. संग्राहक वेडे होतात ते १९६४ पर्यंतच्या गिटारींसाठी. १९६२ च्या सुमारास मानेवरचे, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यावरचे, ठिपके गेले, चौकोन आले. तुमच्या फोटोत चौकोन आहेत आणि तारा बुडाशी लटकत्या ट्रॅपीझ टेलपीसमध्ये अडकवल्यात, म्हणजे अंदाजे १९६५ किंवा त्यानंतरची.

आता खरी गंमत. १९६५ मध्येच गिब्सननं मान अरुंद केली. नट, म्हणजे डोक्याजवळ तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, व्हर्नियर कॅलिपरनं मोजा. ४३ मिलिमीटर आली तर १९६५ च्या सुरुवातीची असू शकते, आणि मग भाव वेगळाच. ४० च्या आसपास आली तर नंतरची. तीही काही वाईट नाही. पिकअपची झाकणंही बघा. निकेल असेल तर पिवळट, मंद पडलेलं, म्हणजे आधीची. क्रोम असेल तर निळसर चकचकीत, म्हणजे नंतरची.

वरच्या एफ-होलमध्ये, म्हणजे f च्या आकाराच्या भोकात, टॉर्च मारा. नारिंगी लंबगोल लेबलवर ‘ईएस-३३५टीडीसी’ दिसायला हवं, सी म्हणजे चेरी. नुसत्या सीरियल नंबरवरून साल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. साठच्या दशकात तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरलेत. नटच्या मागे बारीक आडवी चीर दिसते का, तेही बोटानं चाचपा. डोकं तुटून जोडलेलं असेल तर किंमत जवळपास निम्मी.

आणि कृपा करून पुसू-घासू नका. माझी एक जुनी गिटार मी ‘जरा चमकवून द्या’ म्हणून एका कारागिराकडे दिली. त्यानं भक्तिभावानं नवं पॉलिश मारलं आणि जुने पिकअप खराब समजून भंगारात टाकले. नायट्रोसेल्युलोज या जुन्या लॅकरवरच्या त्या बारीक भेगा म्हणजेच तिचं वय होतं, हे मला पैसे मोजून कळलं.

आणखी एक, आपल्या नागपूरचं. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंशांची कोरडी आग आणि खोलीत कूलरचा ओला झोत. त्या झोतासमोर भिंतीला टेकवून ठेवू नका, मान वाकते. केसमध्ये, आतल्या खोलीत, पलंगावर आडवी ठेवा. नटचं माप आणि लेबलचा फोटो टाका, पुढचं मग बोलू. तोवर त्या भल्या माणसाला चहा पाजा, गिटार नको.