दुकान टाकतोयस, तर ऐक

सेलूत पुस्तकांचं दुकान टाकतोयस म्हणालास. भाडं निघेल ते गाइडांवर आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवरच, त्यात लाज धरू नको. पण गल्ल्याजवळ हातभर कप्पा स्वतःच्या आवडीचा ठेव. माझ्या कप्प्यात आसाराम लोमटेंचा ‘आलोक’ हा कथासंग्रह कायम असतो. २०१६ ला त्याला साहित्य अकादमी मिळालं, तेव्हा चार दिवस मागणी आली, मग थंड. तरी मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, आलेला माणूस ते चाळता चाळता उभाच राहतो, पिशवी खाली ठेवून.

भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा मी गिऱ्हाइकाला तोंडीच सांगतो. भाव मिळेना म्हणून बाप भर बाजारात टमाटे तुडवतो. आपल्याकडच्या कापूसवाल्याला पुढचं सांगावं लागत नाही, तो पैसेच काढतो.

न वाचलेलं पुस्तक ‘लई चांगलंय’ म्हणून विकू नको. एका गुरुजींना मी विकलं होतं. पुन्हा पायरी चढले नाहीत. उधारी मास्तरांना दे, पाहुण्यारावळ्यांना नको. आणि पावसाळ्यात खालची फळी रिकामी ठेव. वाळवी आधी कवितासंग्रहच धरते, का कोण जाणे. तेच जास्त दिवस पडून असतात म्हणून असेल.