वाळूजच्या वर्कशॉपमध्ये 180 व्होल्टची डीसी मोटर एससीआर ड्राइव्हवर (गेट पल्स मिळाल्यावर चालू होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने वेग बदलणाऱ्या कार्डवर) आहे. पॉट (वेगाची नॉब) फिरवल्यावर नेमकं काय बदलतं, आणि संध्याकाळी वेग का पडतो?

पॉटने एससीआरला गेट पल्स देण्याची वेळ बदलते; पल्स जितका उशिरा, तितकं सरासरी डीसी व्होल्टेज कमी. 50 हर्ट्झला अर्धं आवर्तन 10 मिलिसेकंदांचं. त्यात शून्यापासून किती उशीर करायचा तो फायरिंग अँगल (अल्फा): 90 अंश म्हणजे 5 मिलिसेकंद. दोन एससीआर, दोन डायोडच्या पुलावर (ब्रिज रेक्टिफायरवर) सरासरी = (शिखर व्होल्टेज ÷ पाय, म्हणजे 3.14) × (1 + कोसाइन अल्फा). 230 व्होल्टचं शिखर 325. म्हणून 0 अंशाला 207, 90 ला 103 आणि तुमच्या 180 साठी साधारण 42 अंश.

संध्याकाळचं कोडंही इथंच सुटतं. संध्याकाळी लाइनचं 230 व्होल्ट पडून 180 वर आलं की अल्फा शून्य करूनही 162 च मिळतात. ड्राइव्ह व्होल्टेज फक्त कापतो, वाढवत नाही; उगाच कार्ड बदलू नका, आधी लोड चालू असताना इनपुट मोजा.

पॉट शून्यावर आणूनही मोटर हळू फिरत राहिली, तर फ्रीव्हीलिंग डायोड (मोटरच्या करंटला एससीआर टाळून फिरायला वाट देणारा) तपासा. पल्स थांबवून एससीआर बंद होत नाही, करंट होल्डिंग करंटच्या (चालू राहायला लागणाऱ्या किमान करंटच्या) खाली जावा लागतो. डायोड उघडा पडला (आतून तुटला) की आर्मेचरचं (मोटरच्या फिरत्या गुंडाळीचं) इंडक्टन्स करंट चालू ठेवतं आणि एकच एससीआर अर्धी लाट देत राहतो.

मात्र वरचं सरासरीचं सूत्र करंट सलग वाहतो तेव्हाचं. बिनलोड मोटरवर मल्टिमीटर याहून जास्त दाखवेल.