नववी-दहावीच्या मुलांना होलोकॉस्ट कसा शिकवावा? वाचकांचे प्रश्न

२७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत फौजा आउश्वित्झच्या छावणीत पोचल्या. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये ठराव करून हाच दिवस होलोकॉस्टचा, म्हणजे नाझी जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी केलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंच्या संहाराचा, स्मृतिदिन ठरवला. या विषयावर शिक्षक आणि पालकांकडून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : नववीसाठी मला जेमतेम चार तासिका मिळतात. सुरुवात कुठून करू आणि काय गाळू? (इतिहास शिक्षिका, सातारा)

छावण्यांपासून सुरुवात करू नका. पहिल्या तासाला मुलांना १९३३ च्या आधीचे जर्मन ज्यू भेटू द्या. जानेवारी १९३३ मध्ये ते सव्वापाच लाखांच्या आसपास होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात होते आणि त्यातले १२ हजार मारले गेले. हे सांगितलं नाही, तर मुलं धरून चालतात की ज्यू म्हणजे बाहेरून आलेले, श्रीमंत, वेगळे कोणीतरी. नाझींचा प्रचारही तेच सांगत होता, आणि तोच नकळत आपल्या वर्गात शिरतो.

दुसरा तास कार्डांचा. वहीच्या पानाएवढी आठ कार्डं करा आणि एकेकावर एकच तारीख लिहा. १ एप्रिल १९३३ : ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. ७ एप्रिल १९३३ : सरकारी नोकरीतून ज्यूंना काढण्याचा कायदा. १५ सप्टेंबर १९३५ : न्यूरेंबर्ग कायदे, नागरिकत्व हिरावलं, ज्यू आणि बिगर-ज्यूंमधले विवाह बेकायदा. ऑगस्ट १९३८ : ज्यू पुरुषांनी ‘इस्राएल’ आणि स्त्रियांनी ‘सारा’ हे जादा नाव लावण्याचा हुकूम. ऑक्टोबर १९३८ : पासपोर्टवर ‘जे’चा शिक्का. ९-१० नोव्हेंबर १९३८ : प्रार्थनास्थळांची जाळपोळ, सुमारे ३० हजार ज्यू पुरुष छावण्यांत. १५ नोव्हेंबर १९३८ : ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढलं. सप्टेंबर १९४१ : सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूने कपड्यावर पिवळा तारा शिवायचा. गटांनी कार्डं क्रमाने लावायची आणि प्रत्येकाखाली लिहायचं की हे अमलात आणायला कोण कोण लागलं असेल. कारकून, मुख्याध्यापक, रेशनचा अधिकारी, शिक्के बनवणारा, शेजारी. हा तास सहसा कमी पडतो. पडू द्या, तिसऱ्या तासातली दहा मिनिटं घ्या.

तिसरा तास युद्धाचा. पोलंडमधले घेटो (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्या), मग सोव्हिएत प्रदेशातल्या सामूहिक गोळीबाराच्या हत्या (कीवजवळच्या बाबी यारला २९-३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू), मग २० जानेवारी १९४२ ची वानझे बैठक (ज्यूंच्या संहाराचं नियोजन करायला बर्लिनजवळ भरलेली नाझी अधिकाऱ्यांची बैठक), मग गॅस चेंबर असलेल्या मृत्युछावण्या. वानझेला जमलेल्या १५ अधिकाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळवलेले होते, हे आवर्जून सांगा. शिक्षणाने माणूस आपोआप शहाणा होतो, या समजाला एवढं पुरतं.

चौथ्या तासात प्रतिकार आणि नंतरचा काळ. वॉर्साच्या घेटोत इमान्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजचं जगणं नोंदवलं आणि कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले. ते १९४६ आणि १९५० मध्ये सापडले. १९ एप्रिल १९४३ ला त्याच घेटोत सशस्त्र उठाव झाला. त्या वर्षी त्रेब्लिंका आणि सोबिबोर या मृत्युछावण्यांतही कैद्यांनी उठाव केले. ‘ते निमूट मरायला कसे गेले?’ हा प्रश्न तिसऱ्या तासाला येतोच, त्याचं उत्तर इथे मिळतं. शेवट मात्र ‘छावण्या मुक्त झाल्या’वर करू नका. जुलै १९४६ मध्ये पोलंडमधल्या किल्त्से शहरात, युद्ध संपून वर्ष झाल्यावर, जमावाने ४२ ज्यूंना मारलं. वाचलेल्यांपैकी अनेकांना परतायला घरच उरलं नव्हतं.

गाळायचंच असेल तर लढायांचा तपशील आणि हिटलरचं बालपण गाळा. स्वस्तिकाचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. नाझी पक्षाने ते चिन्ह १९२० मध्ये घेतलं, आपल्याकडचं त्याहून कितीतरी जुनं आहे, एवढं सांगून पुढे जा; नाहीतर अख्खा तास त्यातच जातो.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला छायाचित्रं दाखवावीत का? (पालक, पुणे)

प्रेतांच्या ढिगाऱ्यांची नकोत. नाजूक मनाला धक्का बसेल हे एक कारण झालं. दुसरं असं की त्यातून चुकीची माहिती पोचते. बुलडोझरने प्रेतं ढकलण्याचं जे दृश्य सगळीकडे ‘गॅस चेंबर’ म्हणून फिरतं, ते बर्गन-बेल्सनचं आहे, एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य तिथे पोचल्यानंतरचं. त्या छावणीत गॅस चेंबर नव्हतं. माणसं उपासमार आणि टायफसने मेली. त्रेब्लिंकासारख्या ठिकाणी नाझींनी प्रेतं जाळली, इमारती पाडल्या आणि वर शेती केली. सर्वात मोठ्या हत्यांची चित्रं जवळजवळ नाहीतच, ही गोष्ट मुलीला समजणं जास्त महत्त्वाचं.

युद्धाआधीची कौटुंबिक छायाचित्रं दाखवा : सहल, लग्न, शाळेचा वर्ग. ॲन फ्रँकची डायरी वाचायला द्या, पण सोबत नकाशा घेऊन बसा. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे. अटक ४ ऑगस्टला झाली. म्हणजे छावणी त्या डायरीत येतच नाही आणि मुलं आशेच्या सुरावर वाचन संपवतात. ॲमस्टरडॅम, वेस्टरबोर्क, आउश्वित्झ, बर्गन-बेल्सन हा मार्ग बोटाने दाखवा. ॲन तिथे १९४५ च्या सुरुवातीला, पंधराव्या वर्षी मेली. लपलेल्या आठांपैकी एकटे तिचे वडील परतले.

प्रश्न : अर्ध्या वर्गाला पिवळे तारे लावून दिवसभर वेगळं बसवण्याचा उपक्रम करायचा आहे. सूचना द्याल? (शिक्षक, नाशिक)

करू नका. घंटा वाजली की तारा निघणार आहे हे मुलांना ठाऊक असतं, त्यामुळे भीती कळत नाही, फक्त खेळ कळतो. काही मुलं पहारेकऱ्याच्या भूमिकेत रमतात. ज्यांना घरी-दारी खरंच वेगळं बसवलं गेलंय, अशी मुलं आपल्या वर्गात असू शकतात, त्यांचं काय? ‘तू छावणीतला कैदी आहेस, आईला पत्र लिही’ हा निबंधही याच कारणासाठी टाळा. त्याऐवजी एका कार्डावरचा हुकूम निवडून ‘हा राबवणाऱ्या कारकुनासमोर कोणते पर्याय होते?’ यावर दहा ओळी लिहायला सांगा.

प्रश्न : अकरावीची मुलं सर्रास म्हणतात, ‘देशाला हिटलरच पाहिजे, शिस्त लावली त्याने, रस्ते बांधले.’ काय सांगायचं? (प्राध्यापक, नागपूर)

रागावू नका, हिशेब मांडा. कलोन ते बॉन हा महामार्ग ऑगस्ट १९३२ मध्ये खुला झाला, हिटलर सत्तेवर येण्याच्या पाच-सहा महिने आधी. १९३३ च्या सुरुवातीला बेकार सुमारे ६० लाख होते आणि पुढे आकडा झपाट्याने खाली आला, हे खरं. पण मंदी आधीच ओसरू लागली होती. ज्यूंना नोकऱ्यांतून काढलं. लग्नासाठी कर्ज हवं तर बायकोने नोकरी सोडायची, अशी अट घातली. १९३५ पासून तरुणांची सक्तीने लष्करभरती झाली आणि कारखाने शस्त्रं बनवू लागले. पगारवाढ मागणाऱ्या कामगार संघटना २ मे १९३३ लाच मोडल्या होत्या.

शिस्तीबद्दल एकच कायदा पुढे ठेवा. १४ जुलै १९३३ रोजी इतर सगळे पक्ष बेकायदा झाले आणि त्याच दिवशी आनुवंशिक आजार असल्याचं ठरवून माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा आला. त्याखाली सुमारे चार लाख जर्मनांची नसबंदी झाली. १९३९ पासून अपंग आणि मनोरुग्णांना मारायला सुरुवात झाली, आधी मुलं, मग मोठी माणसं. गॅस चेंबर पहिल्यांदा वापरलं ते अशाच रुग्णांवर. हे ऐकल्यावर वर्ग बहुधा शांत होतो, कारण प्रत्येकाच्या घरात किंवा गल्लीत असं कोणीतरी असतं.

प्रश्न : ‘६० लाख हा फुगवलेला आकडा आहे’ असं व्हॉट्सॲपवर फिरतं. शिक्षकाने म्हटलं म्हणून मुलं मानत नाहीत. (शिक्षक, सोलापूर)

मानू नयेच. त्यांना बेरीज करायला लावा. ११ जानेवारी १९४३ रोजी पोलंडमधल्या लुब्लिनहून हर्मान ह्योफ्ले या एसएसच्या (नाझींच्या निमलष्करी दलाच्या) अधिकाऱ्याने एक तार धाडली, ती बर्लिनला, ज्यूंना छावण्यांत पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या आइखमानसाठी होती. ब्रिटिशांनी ती पकडून उलगडली, पण त्यात नुसती अक्षरं आणि आकडे होते, त्यामुळे अर्थ कोणाच्या ध्यानात आला नाही. २००० च्या सुमारास कागद खुले झाल्यावर इतिहासकारांना ती दिसली. १९४२ अखेरपर्यंत चार छावण्यांत ‘आलेल्या’ ज्यूंचे आकडे तिच्यात आहेत :

एल (लुब्लिन-मायदानेक) २४,७३३
बी (बेल्झेट्स) ४,३४,५०८
एस (सोबिबोर) १,०१,३७०
टी (त्रेब्लिंका) ७१,३५५
एकूण १२,७४,१६६

फळ्यावर हे असंच लिहा आणि गप्प बसा. बेरीज जुळत नाही, ६,३१,९६६ येते. फरक ६,४२,२०० चा. कोणीतरी सुचवेपर्यंत थांबा की टाइप करताना एक ‘५’ सुटला असेल. ७१,३५५ च्या जागी ७,१३,५५५ घालून पुन्हा बेरीज करायला सांगा, आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळतो. साधन तपासायचं कसं हे मुलं या वीस मिनिटांत शिकतात, आणि पुरावा मारणाऱ्यांच्याच दप्तरातला असतो.

मग विचारा, या तारेत काय नाही? आउश्वित्झ नाही, गोळीबारात मारलेले नाहीत, घेटोत उपाशी मेलेले नाहीत, १९४२ नंतरचे नाहीत. ६० लाखांचा अंदाज अशा अनेक नोंदी आणि युद्धाआधी-नंतरच्या लोकसंख्या ताडून निघतो. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्यांपैकी ४५ लाखांहून अधिक जणांची नावंही जमवली आहेत. तिच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात.

प्रश्न : होलोकॉस्टमधून वाचलेल्यांना कोल्हापूरने आसरा दिला, असं स्मृतिदिनी सांगितलं तर चालेल ना? मुलांना विषय जवळचा वाटेल. (मुख्याध्यापिका, कोल्हापूर)

तसं सांगू नका. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ ते १९४८ दरम्यान सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, प्रामुख्याने स्त्रिया आणि मुलं. पण त्यांना हाकललं होतं सोव्हिएत संघाने, १९४०-४१ मध्ये, पूर्व पोलंडमधून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे. सुटका झाल्यावर ते इराणमार्गे इथे आले आणि बहुतेक कॅथलिक होते. त्यांचा इतिहास मोठाच आहे, पण दुसरा आहे. होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणारे लोक अशाच एका चुकीवर बोट ठेवून बाकी सगळं खोटं ठरवतात.

खरा धागा मुंबईचा. प्रागहून १९३४ मध्ये आलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर संगीत विभागप्रमुख झाले. आकाशवाणीची सकाळची सुपरिचित धून त्यांच्या नावावर सांगितली जाते. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ज्यू पत्नीसह व्हिएन्नाहून निघाले आणि मुंबईतल्या तरुण चित्रकारांचे मार्गदर्शक बनले. १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने भारतातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यू निर्वासितांपैकी अनेकांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून नाझींच्या बरोबरीने स्थानबद्ध केलं. अहमदनगरलाही अशी छावणी होती. हिटलरने ज्यांचं नागरिकत्व काढून घेतलं, तेच इथे जर्मन ठरले. मुलांकडून करून घ्यायच्या प्रकल्पासाठी हा विषय चांगला आहे. वळिवड्याची सहल जरूर काढा, फक्त ती दुसऱ्या महायुद्धातले निर्वासित या पाठाला जोडा.