विषाणू औषधाचा 'प्रतिकार' करतो की औषधाला 'दाद देत नाही'?

प्रश्न असा आहे: हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूवरच्या लेखात 'ॲसायक्लोव्हिर रेझिस्टन्स म्युटेशन'ला, म्हणजे त्यावरचं औषध ॲसायक्लोव्हिर निकामी ठरवणाऱ्या जनुकातल्या बदलाला, 'ॲसायक्लोव्हिर-प्रतिकारक उत्परिवर्तन' म्हणावं का?

'उत्परिवर्तन' रुळलेलं आहे, राहू द्या. 'प्रतिकारक' मात्र बदला. असे विषाणू मुख्यतः कुणात सापडतात? अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या किंवा एचआयव्हीबाधित रुग्णांत. मग वाक्य होणार: 'प्रतिकारशक्ती घटलेल्यांत प्रतिकारक विषाणू आढळतात.' कोण कुणाचा प्रतिकार करतंय?

शिवाय प्रतिकार म्हटलं की उलटा वार आला. इथे तसं काही घडत नाही. ॲसायक्लोव्हिर पेशीत शिरतं ते निजलेलं. त्याला पहिला फॉस्फेट जोडून जागं करतो तो विषाणूचाच विकर (एन्झाइम), थायमिडिन कायनेज. औषधरोधी नमुन्यांपैकी सुमारे 95 टक्क्यांत बिघाड सापडतो तो याच विकराच्या जनुकात, यूएल 23 मध्ये. जनुक लिहिलं जातं डीएनएच्या चार अक्षरांत, 'जी' हे त्यातलं एक; या जनुकात एके ठिकाणी सलग सात 'जी' आहेत. नक्कल उतरवताना तिथे एखादा 'जी' गळतो नाहीतर जास्तीचा घुसतो, आणि तीन-तीन अक्षरांनी होणारं पुढचं सगळं वाचन घसरतं. 'रमण फणस उचल' यातला 'म' गाळून तिनातिनांनी वाचा: 'रणफ णसउ चल'. विकर धड तयारच होत नाही, औषध निजलेलंच राहतं. विषाणूनं हाक ऐकली नाही, एवढंच!

यासाठी आपल्याकडे आयता वाक्प्रचार आहे: औषधाला दाद न देणे. मूळ फारसीत दाद म्हणजे न्याय. म्हणून आपण कोर्टात दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. नाम हवं तिथे 'औषधरोध', विशेषण 'औषधरोधी'. 'औषधप्रतिबंधक' नको; रोगप्रतिबंधक लस रोग येऊ देत नाही, तसं हे औषधच येऊ न देणारं वाटेल.

यूएल 30 या दुसऱ्या जनुकातल्या बदलांत औषध जागं होतं, पण विषाणूचा डीएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची नक्कल उतरवणारा विकर, त्याला जवळ करत नाही. तिथे कुणी 'प्रतिरोध' लिहिलं तर मी भांडणार नाही.

जाता जाता, तलाठ्याच्या दप्तरात म्युटेशन म्हणजे फेरफार. किती सुटसुटीत शब्द! पण हिशेबातला काय, सातबाऱ्यावरचा काय, फेरफार कुणीतरी केलेला असतो. सातातला एक 'जी' आपसूकच गळतो.